डॅडीकडे लक्ष असू दे

पोयसर गावठाण, कांदिवली
४ ऑगस्ट

ग्लेन,

फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, मग तू कट करतोस आणि मला दिवसभर ॲसिडिटी. म्हणून यापुढे ईमेल. आणि मराठीतच लिही. इंग्लिशमध्ये तू चुलतभाऊ राहत नाहीस, मस्कतच्या पोर्टचा सुपरवायझर होतोस.

तर बाई मिळाली. चोवीस तासांची, राहायला. नाव माधुरी, घर गोवंडीला, पस्तिशीची असेल. जयभीमवाली आहे, मुलगा आजीकडे ठेवून कामं करते. कामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोचा लवू तिला घेऊन आला आणि म्हणाला, "आमची मानसा एकदम चेक केलेली असतत, ताई." मी विचारलं, काय चेक केलंस? तर म्हणाला, आधार कार्ड. पोलीस चौकीत तिचे कागद मीच नेऊन दिले. तुला वाटतं तेवढं मी बिनधास्त काम करत नाही.

तुझे डॅडी ठीक आहेत. पर्पेच्युआ आंटी गेल्यापासून अंकल विसरायला लागलेत ते तुला माहीतच आहे. गॅस चालू ठेवून अंगणात जाऊन बसायचे, ते तरी आता थांबेल. गुडघे गेलेत, पण काठी हातात धरायची लाज वाटते.

तू सांगितलास तसा कॅमेरा रसेलने बसवला. हॉलमध्ये मोकळा प्लग आल्तारापाशीच होता, तांबड्या बल्बच्या शेजारी. म्हणून येशूच्या तसबिरीखाली, फुलदाणीमागे ठेवलाय. तिथून अंकलची खाट आणि दरवाजा दिसतो. अगदी आल्तारापुढची फरशी दिसत नाही, तेवढं चालवून घे. माधुरीला सांगितलंय. अंकलना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर देवाच्या जागी असलं यंत्र त्यांनी ठेवूच दिलं नसतं. माझा मुलगा रसेल तर त्यांच्या शिव्या खाऊनच घरी आला असता.

आता तरी शांत झोप.

ब्रिजेट


मस्कत
११ ऑगस्ट

ब्रिजेट,

शांत झोप म्हणतेस. माझं कामच दिवसभर स्क्रीनकडे बघायचं आहे गं. क्रेन कुठे आहे, कंटेनर कुठे आहे, माणूस कुठे उभा आहे. त्यातलीच एक खिडकी आता डॅडीची. बघितलं की चैन पडत नाही, नाही बघितलं की अजून वाईट.

तुझी माधुरी फोनवर फार असते. परवा जेवणाआधीची गोळी तिने जेवणानंतर दिली. मी कॅमेऱ्यातून तिला हाक मारली तर भूत बघितल्यासारखी दचकली आणि ताट हातातून पडलं. मग ठरवलं की तिच्याशी नाही बोलायचं. तिला कळू दे की कोणीतरी बघतंय, एवढं बस.

पण एक झकास झालंय. डॅडी माझ्याशी बोलायला लागलाय. फोन दिला की "हं, हं, जेवलास का, ठेव" एवढंच असायचं. आता दुपारी मला ब्रेक असतो तेव्हा मी कॅमेऱ्यातून हाक मारतो, "डॅडी," की ताडकन उठून बसतो. गोळी घेतली का विचारलं तर खरं सांगतो. नसेल घेतली तर माफी मागतो, लहान पोरासारखी! पाय दाखव म्हटलं की पाय दाखवतो, सूज आहे का ते मी बघून घेतो. चालून दाखव म्हटलं की चालतो. फिजिओवाल्याने सांगून सांगून जे केलं नाही ते मी सांगितल्यावर करतो. कधीकधी मध्येच उठून कॅमेऱ्याच्या बाहेर जातो. बाथरूमला जात असेल.

काल तर म्हणाला, "तुझ्याशिवाय माना कोण हाय?"

ब्रिजेट, डॅडीने आयुष्यात मला असं काही म्हटलेलं नाही. दहावीला नापास झालो तेव्हा पट्ट्याने मारलं होतं, आणि पहिल्यांदा गल्फला निघालो तेव्हा टॅक्सीपर्यंत पण आला नव्हता. मी इथे ऑफिसात बसून रडलो. बाजूचा फिलिपिनो विचारायला लागला, घरी सगळं ठीक ना?

डॅडीकडे लक्ष असू दे.

ग्लेन


पोयसर
१९ ऑगस्ट

ग्लेन,

हे वाचून लगेच फोन करू नकोस. आधी पूर्ण वाच.

अंकलच्या दोन्ही गुडघ्यांवर काळेनिळे डाग आहेत. रविवारी चर्चमधल्या मासनंतर त्यांना कपडे बदलायला मदत केली तेव्हा दिसले. कोपरावर पण एक आहे, आणि दंडावर बोटांच्या खुणा. अंकलना विचारलं तर हसले आणि "काय नाय गं बाय" म्हणाले. माधुरीला विचारलं तर आधी म्हणाली माहीत नाही. मग म्हणाली, बाबा स्वतःच उठतात, आल्ताराकडे जातात आणि पडतात. मी म्हटलं, मग मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?

आणि वर मलाच विचारते, "ताई, दुपारचा कॅमेरा बंद ठेवला तर चालेल का? बाबांना झोप लागत नाही."

कॅमेऱ्याने कोणाची झोप मोडते रे? चर्चमधल्या बायका एकेक गोष्टी सांगतात. मुलुंडला एका म्हाताऱ्याला खाटेला बांधून ठेवायची म्हणे, घाटकोपरला कोणीतरी झोपेचं औषध पाजायची. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण ते ऐकून मी रात्रभर कूस बदलत होते.

लवूला फोन केला. म्हणाला, सुपरव्हिजनला माणूस पाठवतो. मी म्हटलं, आजवर एकदा तरी पाठवलास? म्हणाला, "तक्रार नसली तर कित्याक पाठवू?"

तू काही बघितलंस का?

ब्रिजेट


मस्कत
२० ऑगस्ट

ब्रिजेट,

बघितलं. दोनदा बघितलं आणि मूर्खासारखा गप्प बसलो, वाटलं माझाच संशयी स्वभाव. ती खाली वाकून डॅडीला दोन्ही दंडांना धरून खेचत होती. खाली काय चाललंय ते दिसत नाही, पण खेचताना दिसली. आणि गेले काही दिवस दुपारी स्क्रीन काळी होते. मला वाटलं लाइट गेले. नीट बघितलं तर कापड! ओढणी टाकते ती कॅमेऱ्यावर. डॅडीचा आवाज येतो, "आयलो, आयलो," आणि मग धप्प. तू सांग, मी काय समजू?

मी ब्युरोच्या मालकाला लिहिलंय. खुणा, ओढणी, खेचणं, सगळं. म्हटलं, ही बाई उद्या त्या घरात दिसता कामा नये, आणि पोलिसांत जे काय करायचं ते तुम्ही करा, नाहीतर मी तुमच्यावर करतो. दुसऱ्या कोणाच्या आईबापाच्या घरात ती परत जाता कामा नये.

तू चौकीत तिचे कागद दिलेस, पण चेहरा बघून माणूस ओळखायला तुला कधी जमलं नाही. राग येऊ दे.

ग्लेन


पोयसर
२३ ऑगस्ट

ग्लेन,

राग आलाय. पण तुझ्या त्या वाक्याचा नाही.

तुझी मेल आली त्याच दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून निघाले आणि न सांगता अंकलच्या घराच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन बसले. हातात लाटणं घेतलं होतं, खोटं कशाला बोलू. ठरवलं होतं, हात उचलताना दिसली तर तिथेच हाणायची.

माधुरी चटईवर गाढ झोपली होती. कॅमेऱ्यावर ओढणी होतीच, पण अर्धी घसरलेली. अंकल खाटेवर घोरत होते. आणि आल्तारावरून आवाज आला.

"डॅडी! डॅडी, उठ!"

ग्लेन, मला माहीत होतं की कॅमेऱ्याला स्पीकर आहे, रसेलनेच दाखवला होता. तरी मी लाटणं धरल्या हातानेच क्रूस काढला. येशूच्या तसबिरीखालून, तांबड्या बल्बच्या उजेडातून, आपल्या गावठाणातल्या बोलीत एक पुरुष हाक मारतोय. अंकल उठले. हात जोडले. "आयलो, आयलो," म्हणत काठीशिवाय आल्तारापर्यंत आले आणि धाडकन गुडघ्यांवर बसले. त्या उघड्या फरशीवर. जिथलं तुला काही दिसत नाही, तिथे.

वरून आवाज, "कुठे गेलास? उभा राहा, चालून दाखव!"

आणि ते उठायला लागले. टेबलाची कड धरली, ती सुटली, आणि तोल जाऊन खुर्चीवर आदळले. माधुरी धडपडत उठली आणि दंडांना धरून त्यांना वर खेचलं. तू बघितलंस ते खेचणं हेच. लाटणं माझ्या हातात तसंच राहिलं.

मी अंकलना विचारलं, कोण बोललं? त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणाले, "गप. तो दुपारचाच येते. माना नावाने नाय बोलवत, डॅडी बोलते, आपल्या पोरासारखा."

मी म्हटलं, अंकल, तो ग्लेन आहे. तर माझ्यावर चिडले. "ग्लेन फोनातून बोलते. हा आल्तारावरून बोलते. तुना फरक नाय कळत?"

आता सांग, कोणाला धरायचं? माधुरी काही संत नाही. रात्री अंकल उठत राहतात, म्हणून ती दुपारी झोपते, आणि झोपलेली दिसू नये म्हणून ओढणी टाकते. पहिल्यांदा अंकल पडले तेव्हा ती गेटवर पोराला भेटायला गेली होती, दाराला बाहेरून कडी लावून! ते लपवायला पुढचं प्रत्येक पडणं लपवलं. तिला वाटायचं म्हातारा भक्तीच्या भरात उठतो. तू बोलतोस आणि ते उठतात एवढं तिला दिसत होतं, पण ते तुझा आवाज देवाचा समजून उठतात हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं? कॅमेरा अंकलपासून लपवला आपण तिघांनी, मी, तू आणि रसेलने.

मी तिला भरपूर झापलं. पण रात्रंदिवस एकाच बाईला जागं ठेवायचं हे कोणी ठरवलं होतं? तू आणि मी. लवू फक्त मान डोलवत होता.

तुला लिहायला बसणार तोवर लवू दारात. मालकाचा हुकूम. माधुरीची पिशवी भरायला लावली आणि घेऊन गेला. मी आडवी गेले, सगळं सांगितलं. म्हणाला, "माझ्या हातात काय नाय ओ ताई, तक्रार साहेबांनी केलीहा, साहेबांनीच मागे घेवक होयी." तिचा फोटो सगळ्या ब्युरोंच्या ग्रुपवर फिरतोय, खाली लिहिलंय, म्हाताऱ्यांना मारते. तिला आता मुंबईत कोणी दारात उभं करणार नाही.

कॅमेऱ्याचा प्लग मी काढलाय. तू लिही. आजच लिही.

ब्रिजेट


पोयसर
२९ ऑगस्ट

ग्लेन,

फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर नाही. लाज वाटत असेल तर वाटू दे, पण ती नंतर वाटून घे. तिकडे एका बाईची वाट लागली आहे.

ब्रिजेट


मस्कत
२ सप्टेंबर

ब्रिजेट,

मालकाला लिहिलं. तक्रार मागे घेतो, चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "नोटेड." तेवढंच. तिचा फोटो ग्रुपवरून हटवला की नाही, ते सांगत नाही.

मला वाटलं होतं तो माझ्याशी बोलतोय.

मी रोज ब्रेकची वाट बघायचो गं. आई गेल्यापासून, खरं तर त्याच्या पण आधीपासून, माझ्याशी असं कोणी बोललेलं नव्हतं. "तू सांगशील तसा करीन." "तुझ्याशिवाय माना कोण हाय." मी ते ऐकून ड्यूटीवर परत जायचो तेव्हा जमिनीवर पाय नसायचे. ते मला नव्हतंच. आणि मी जेव्हा खुशीत होतो तेव्हा तो खाली फरशीवर गुडघे फोडून घेत होता, आणि मी वरून हुकूम सोडत होतो, उभा राहा, चालून दाखव.

चूक झाली म्हटलं की होतं काय? माझ्या हातून डॅडी मेला असता, ब्रिजेट. आणि तुरुंगात ती गेली असती.

नवी बाई कशी आहे? डॅडी कसा आहे?

ग्लेन


पोयसर
५ सप्टेंबर

ग्लेन,

नवी बाई बरी आहे, म्हणजे घरात असते. अंकल बरे नाहीत. गुडघे भरून येतायत, पण जेवणावरून उठून जातात. दुपारी झोपत नाहीत. आल्तारासमोर खुर्ची ओढून बसतात आणि वाट बघतात. काल मला विचारलं, "माझा काय चुकला गं? बोलायचा का बंद झाला?"

मी परत सांगितलं, तो ग्लेन होता. यावेळी चिडले नाहीत. म्हणाले, "ग्लेनला एवढा टायम कुठे हाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

आता ऐक. नॅटलीचे दिवस भरत आलेत, मी उद्या मुलुंडला लेकीकडे जातेय, महिनाभर तरी तिथेच. रसेलवर आणि त्या नव्या बाईवर अंकलना सोडून जाताना माझा पाय निघत नाही. कॅमेरा परत लावू म्हणशील तर मी तो उचलून मिठी नदीत टाकीन. तू ये. रजा मिळत नसेल तर भांडून घे. माझ्याशी तर बरा भांडतोस.

ब्रिजेट


पोयसर
१५ सप्टेंबर

ब्रिजेट,

नॅटलीला मुलगी झाली ते रसेलकडून कळलं. माझ्याकडून पापी घे तिची. तू फोनवर बोलत होतीस, पण मागून बाळ रडत होतं आणि मला काही नीट सांगता आलं नाही. म्हणून परत लिहितोय, एकाच शहरात बसून.

पहिल्या दिवसाचं शेवटी लिहितो. आधी कामाचं.

ब्युरोच्या ऑफिसात जाऊन बसलो. मालक मला चहा पाजत राहिला आणि फोटोचा विषय आला की फोन घेत राहिला. शेवटी मी तिथेच माझ्या मोबाइलवरून माझा व्हिडिओ काढला: मी अमुक, तक्रार मी केली होती, ती खोटी ठरली, माझ्या वडिलांना या बाईने मारलेलं नाही. म्हटलं, हे त्याच ग्रुपवर टाका, मी समोर बसून बघतो. टाकलं. लवू मला खाली सोडायला आला आणि म्हणाला, "साहेब, असा आजवर कोणी नाय केला." पण मला काही कौतुक वाटून घ्यावंसं वाटलं नाही.

मग गोवंडी. रसेल बरोबर होता म्हणून घर सापडलं. माधुरीने आत ये म्हटलं नाही. दारातच उभं ठेवलं. तिची आई आतून ओरडली, कोण आहे, तर ही म्हणाली, "तेच, कॅमेऱ्यातले." मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली. म्हणाली, "दादा, पोराला शाळेत मुलं विचारतात, तुझी आई म्हाताऱ्यांना मारते का. त्याचं काय करू?"

काम परत करशील का विचारलं. दोन दिवसांनी तिनेच फोन केला. करीन, पण फक्त दिवसाचं. रात्रीला दुसरी बाई ठेवा. रविवारी घरी जाईन. पोर भेटायला आलं तर आत येईल, गेटवर नाही. मी सगळ्याला हो म्हटलं. आणि मग म्हणाली, कॅमेरा लावा.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तर म्हणाली, "लावा. सगळी फरशी दिसेल असा लावा, वर कोपऱ्यात. आवाजाचं तेवढं तोडून टाका. उद्या बाबा परत पडले तर माझं कोण ऐकणार आहे?"

तेव्हा मिठी नदीत टाकू नकोस. रसेलने दरवाजावर बसवलाय, स्पीकरची वायर कापून. डॅडीला सांगितलं, दाखवला पण. त्याने त्याला एक शिवी दिली आणि विषय संपला.

आता पहिल्या दिवसाचं.

टॅक्सी गावठाणाच्या क्रॉसपाशी सोडली. दार उघडंच होतं. डॅडी आल्तारासमोर खुर्चीत, पाठ माझ्याकडे. किती बारीक झालाय ते स्क्रीनवर कळत नाही गं. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "डॅडी."

तो वळला नाही. आल्ताराकडे बघतच खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागला, गुडघे टेकायला. मी बॅग टाकून धावलो आणि त्याच्याआधी खाली बसलो, दोन्ही हातांनी त्याला परत खुर्चीत बसवला. त्याने माझ्याकडे बघितलं. गालावर हात फिरवला, दाढी टोचली असेल.

"ग्लेन? कवा आयलास?"

म्हटलं, आताच.

"हळू बोल," म्हणाला. "आता आवाज आयला. इतक्या दिसांनी आयला."

सांगून टाकावं असं मनात आलं, डॅडी, तो मीच. पण तू दोनदा सांगितलंस त्याचं काय झालं ते मला माहीत होतं. आणि खरं सांगू, माझी हिंमत झाली नाही. मी विचारलं, काय बोलायचा तो तुझ्याशी?

डॅडी बोटांवर मोजत म्हणाला, "गोळी घेतलीस का विचारायचा. पाय दाखव बोलायचा. चालून दाखव बोलायचा. मी सगळा केला. पण पोरा, बरा हायस का, असा एकदा पण नाय विचारला."

मी तिथेच फरशीवर बसून होतो. त्याचे पाय माझ्या हातात होते, सूज होती, ती मी यावेळी बघितली नाही. विचारलं, "बरा आहेस का, डॅडी?"

तो सांगायला लागला. आईपासून सुरुवात केली. नवी बाई दोनदा येऊन ताट वाढू का विचारून गेली, आम्ही तिला नंतर वाढ म्हणालो.

ग्लेन